हात खिशात, नजर वर

आयर्लंडमध्ये भाड्यानं घर मिळवणं म्हणजे काय दिव्य असतं ते ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. पगाराच्या स्लिपा, आधीच्या मालकाचं शिफारसपत्र, बँकेचे कागद असं सगळं फाईलला लावून मी आणि नवरा ॲथलोनजवळच्या एका गावात घर बघायला गेलो. म्हाताऱ्या घरमालकांनी फाईल घेतली, खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावरच बसले. मग मला म्हणाले, "वाकडं चर्च बघितलंयस का कधी?"

मी म्हटलं, "आम्ही हिंदू आहोत."

"मी काय तुझा बाप्तिस्मा करायला बसलोय? वाकडं चर्च बघितलंयस का, एवढंच विचारतोय."

नाही म्हटल्यावर ते उठले. त्यांचं घर आणि शेजारचं भाड्याचं घर यांमधल्या सामायिक बोळात एक खुंटी होती. तिच्यावरून वीतभर लांब लोखंडी किल्ली काढली आणि आम्हाला रस्त्यापलीकडे घेऊन गेले. त्या दिवशी आम्ही घर बघितलंच नाही. चर्चच बघितलं, तेही पाय दुखेपर्यंत. परत येताना नवरा माझ्या कानात कुजबुजला, "बाई, घराचं विचार की!" तेवढ्यात ते मागे न बघताच म्हणाले, "सोमवारी सामान आणा."

त्यांना आम्हीच का पसंत पडलो, हे पुढं कळलं. आमच्या आधी येऊन गेलेल्या सगळ्यांनी वायफायबद्दल विचारलं होतं. आम्ही तासभर ऐकून घेतलं, म्हणून आम्ही 'ग्रँड', म्हणजे तिकडच्या बोलीत झकास, होतो. आम्ही ऐकून घेतलं ते भीतीनं, हे त्यांना कुणी सांगावं!

ते चर्च खरंच वाकडं होतं. नॉर्मन लोकांनी तेराव्या शतकात बांधलेलं, करड्या चुनखडीच्या दगडाचं. लोकांनी बसायचा लांबट भाग सरळ पूर्वेकडे जातो, पण पुढचा वेदीचा भाग डावीकडे चांगलाच कललेला. छापील पुस्तकांत म्हणतात, क्रुसावर ख्रिस्ताची मान अशी कलली होती म्हणून तसं बांधलं. आमच्या घरमालकांना हे अजिबात मान्य नव्हतं. "मान नाही नि बिन नाही. बापानं अर्धं बांधलं, पोरानं अर्धं, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. कुठल्याही घरात जाऊन बघ, असंच कललेलं असतं." मला हे पटलं. लातूरला आमच्या दोन काकांनी एकाच प्लॉटवर बांधलेली घरं मी बघितली आहेत.

महिन्यातून एकदा तिथं प्रार्थना होई, तीही मूठभर लोकांची. दर शनिवारी मात्र चर्च यांच्या ताब्यात. खांद्यावर कोट, डोक्यावर चपटी टोपी, हातात रंगाऱ्याचा मऊ ब्रश. दारात कुणीही आलं की पहिली आज्ञा: "हात खिशात, नजर वर!"

खिशात हात घातल्याशिवाय आत प्रवेश नाही. कारण माणसाच्या हाताला तेल असतं, घाम असतो, आणि दगड ते पितो. "दगड बाईसारखा असतो. कुणी बोट लावलेलं शंभर वर्षं विसरत नाही," असं ते म्हणत. एकदा एका जर्मन प्राध्यापकानं खांबावर तळहात टेकला, तर यांनी त्याचं मनगट धरून हात त्याच्याच खिशात नेऊन ठेवला. कुणाच्या कपड्यांना खिसे नसले तर पोर्चमधल्या खुंटीवर यांचा एक जुना ट्वीडचा कोट टांगलेला असे. तो चढवायचा आणि मगच आत. मी माझ्या लेगिंग्जवर तो कोट घालून चर्चचा इतिहास ऐकलाय. त्यात तंबाखूचा आणि ओल्या कुत्र्याचा वास यायचा, आणि कुत्रा मरून कित्येक वर्षं झाली होती.

आतल्या मेलेल्या माणसांबद्दल ते शेजाऱ्यांबद्दल बोलावं तसं बोलत. दगडात कोरलेला एक सरदार वेदीशेजारी उताणा पडलाय, नाक गेलंय, पायाशी कुत्रं आहे. त्याला ते 'युअर मॅन' म्हणत. नाव न घेता कुणाबद्दल सांगायचं असलं की तिकडे असंच म्हणतात. "युअर मॅननं तीन लढाया केल्या आणि तिन्ही हरला, पण थडगं बघ कसं ऐटीत!" दुष्काळात तापाच्या रोग्यांची सेवा करता करता गेलेल्या एका डॉक्टरचा तळहाताएवढा फलक होता. त्याच्यासमोर ते टोपी काढत आणि काहीही बोलत नसत. तिथं मीही गप्प राहायला शिकले.

त्यांची सगळ्यात लाडकी मात्र संगमरवरी फलकावरची एक जमीनदारीण. ती ऐन तिशीत गेली. नवऱ्यानं फलकाच्या वरच्या अर्ध्यात तिचे गुण कोरून घेतले, आता मला या जगात काही उरलं नाही, वगैरे. खालचा अर्धा कोरा ठेवला, स्वतःच्या नावासाठी. मग गडी पुढच्या वसंतात दुसरं लग्न करून इंग्लंडला गेला आणि तिकडेच पुरला गेला. खालचा अर्धा अजून कोरा आहे. घरमालक त्या कोऱ्या भागावरून ब्रश जरा जास्तच हळू फिरवत. म्हणत, "संगमरवरावर शब्द देताना माणसानं आधी पाणी प्यावं."

गंमत म्हणजे हे चर्च त्यांचं नव्हतंच. चर्च प्रोटेस्टंटांचं आणि हे पक्के कॅथलिक. लहानपणी शेजारच्या प्रोटेस्टंट घरातली म्हातारी गेली, जिनं यांना लहानाचं मोठं होताना रोज पाव-लोणी दिलं होतं. पण तेव्हा कॅथलिकांनी प्रोटेस्टंटांच्या प्रार्थनेला आत जाणं म्हणजे पाप. म्हणून हे आणि यांचे वडील फाटकाबाहेर पावसात टोप्या काढून उभे राहिले. आत गाणं चाललं होतं आणि म्हातारीची शवपेटी आतच होती. हे मला त्यांनी एकदाच सांगितलं, स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता. पुढं चाळिशीत छपराच्या दुरुस्तीसाठी माणसं हवी होती, तेव्हा हे पाट्या उचलायला म्हणून आत शिरले आणि मग कधी बाहेरच आले नाहीत. बायको गेल्यावर तर ती किल्ली म्हणजेच त्यांचा संसार झाला होता.

आणि ती किल्ली टांगणीला लागलेली होती. मनोऱ्याच्या जिन्यातला एक निखळता दगड यांनी कुणालाही न विचारता स्वतः मळलेल्या चुन्यानं बसवला होता. काम चोख झालं होतं. पण संरक्षित वास्तूला असा हात लावायचा नसतो. पाहणीला येणाऱ्या अधिकारी बाईंनी बजावलं, "पुन्हा एकदा कुणाचाही हात कुठल्याही दगडाला लागला, तर किल्ली जाईल." त्या दिवशी संध्याकाळी हे आमच्या दारात आले आणि चहा मागितला. एरवी कधी मागत नसत.

तर अशा माणसाच्या घरात माझी आई लातूरहून माझ्या बाळंतपणाला आली.

पोटात सातवा सरून आठवा लागला होता, आणि अचानक धावपळ झाली. मुलगी झाली, पण एवढीशी. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली. मी आणि नवरा तिथं, आई घरी एकटी, इंग्रजीचा गंध नाही. कोंबडीसारखी दारातून आत, आतून दारात. घरमालकांना रडणाऱ्या बाईचं काय करतात ते माहीत नव्हतं. दुःखी माणसाला चर्च दाखवायचं, एवढा एकच उपाय त्यांच्याकडे होता. त्यांनी तिला हातानं खुणावलं, चल. पातळाला खिसे कुठले? त्यावर ट्वीडचा कोट चढला. नऊवारी नव्हे तरी सहावारी काठपदर, त्यावर तो कोट, डोक्याला लोकरी टोपी. गावातल्या किराणा दुकानदारानं तो थाट बघितला होता आणि तो ते अजून सांगतो.

मनोऱ्याच्या खालच्या खोलीत भिंतीला टेकवून एक दगड ठेवलेला आहे. पूर्वी तो बाहेर दाराच्या वर होता, पडला म्हणून आत आणला. त्यावर एक बाई कोरलीय. डोळे वटारलेली, गुडघे फाकून बसलेली, सगळं काही उघड्यावर. अशा मूर्तींना तिकडे शीला-ना-गिग म्हणतात. जुन्या एका धर्मगुरूनं लाजेखातर तिला प्रार्थनेच्या पुस्तकांच्या प्रेसमागे, म्हणजे कपाटामागे, लपवून ठेवलं होतं. आमचे घरमालकही ती दाखवताना तिच्याकडे पाठ करून उभे राहत.

आईनं तिला बघितलं मात्र आणि खिशात हात तसेच ठेवून वाकून नमस्कार केला. संध्याकाळी फोनवर मला सांगते, "अगं, तुमच्या हितं सटवाई हाय की! तेर गावाला अशीच बसलेली बगितली हाय म्या. एवढ्या लांब येऊन बसली, तर उगं न्हाई बसली ती."

मला हसूही येईना नि रडूही येईना. सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, आणि माझ्या लेकीच्या कपाळावर नळ्यांची पट्टी चिकटवलेली होती. मी म्हटलं, "बरं झालं आई, मग सांग तिला."

"सांगितलं की. लेकरू घरी येऊ दे, तुला तेल-हळद करीन म्हनलं."

लेकरू घरी आलं. ते कुणामुळे आलं याचा वाद आमच्या घरात झाला नाही. डॉक्टर-नर्सना मी मिठाई दिली आणि आईनं नवस फेडायचं ठरवलं. मी तिला हजारदा बजावलं, "आई, त्या दगडाला बोट लावायचं नाही. इथं कायदा आहे. यांची किल्ली जाईल." आई म्हणाली, "बरं बाई." माझ्या आईचं 'बरं बाई' म्हणजे मनात ठरवलेलं करायला निघाल्याची घंटा. पण बाळंतपणात माझंही डोकं ठिकाणावर नव्हतं.

शनिवारी मी लेकीला तेल लावायला बसले तर बाटली जागेवर नाही. हळदीचा डबा नाही. तोंडचं पाणीच पळालं. नवऱ्याच्या मांडीवर पोर टाकली आणि तशीच चपला घालून रस्त्यापलीकडे धावले.

उशीर झाला होता. आई नियमाप्रमाणे कोट घालून आत गेली होती. देवापुढं बाई एकटी बसू पाहते आहे म्हणून घरमालक अदबीनं बाहेर थांबले होते. आणि सगळं सामान होतं कुठं? ज्या खिशांत हात ठेवण्यासाठी त्यांनी तो कोट दिला, त्याच खिशांत! एकात तेल, एकात हळद-कुंकू. शीलाबाई आपादमस्तक तेलानं न्हालेल्या, पिवळ्याधमक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, पुढ्यात खण आणि अर्धा नारळ. आई हात पुसत म्हणत होती, "बगा दादा, कसं लख्ख झालं! किती दिवस उपाशी ठेवली होती बाईला!"

घरमालक आता आत येऊन समोर उभे होते. पहिल्यांदाच तिच्याकडे तोंड करून. मी "सॉरी, सॉरी" करत रडायला लागले. त्यांनी मला थांबवलं आणि विचारलं, "हिनं काय मागितलं होतं?"

मी सांगितलं.

"आणि देते म्हणून कबूल केलं होतं?"

"हो."

ते पुन्हा शीलाकडे वळले. मग म्हणाले, "मग द्यायलाच हवं होतं."

मी पुसू का विचारलं, तर खेकसले. घासलं तर तेल आणखी आत जाईल म्हणाले. त्यांनी फक्त कुंकू मऊ ब्रशनं झाडलं आणि नारळ आम्हाला परत दिला. आईनं त्याची एक चकती त्यांच्या हातावर ठेवली. प्रसाद म्हणून सांगितलं. त्यांनी ती खाल्ली.

पुढच्याच आठवड्यात अधिकारी बाई आल्या. मी लेकीला घेऊन मुद्दाम गेले, खरं सांगायला. आईही कोट चढवून मागोमाग आली. बाईंनी टॉर्च मारला, वाकून वास घेतला आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

"मी," घरमालक म्हणाले.

"नाही!" मी ओरडलेच. "माझ्या आईनं केलं. आमच्याकडे नवस असतो—"

"नुकतीच बाळंत झालीय," ते बाईंना समजुतीच्या सुरात म्हणाले. "पोर झोपू देत नाही. काहीही बोलते बिचारी."

"काय म्हनायलीय ती बाई?" आईनं विचारलं. मी सांगितलं. आई तडक पुढं झाली आणि छातीवर हात आपटून म्हणाली, "म्या केलं! म्या! दादाला काई बोलायचं न्हाई."

"त्या काय म्हणतायत?"

"मी भला माणूस आहे म्हणतेय," घरमालक म्हणाले.

बाईंचं लक्ष आईच्या कोटाकडे गेलं. दोन्ही खिशांच्या कडा पिवळ्या झाल्या होत्या. "हा कोट कुणाचा?"

"माझा. गावात कुणालाही विचारा."

मला वाटतं, बाईंना सगळं कळलं होतं. पण त्यांना एक नाव हवं होतं आणि ते त्यांना मिळालं होतं. परक्या देशातून आलेल्या बाईचं नाव लिहिलं असतं तर आमच्या व्हिसाच्या कागदांत कुठं काय निघालं असतं, ही भीती मला होतीच. तो म्हातारा माणूस हे सगळं आधीच जाणून होता. "तुम्ही यापुढं हे दार उघडणार नाही," बाई म्हणाल्या. "शब्द द्या."

"दिला," ते म्हणाले आणि किल्ली काढून दिली.

बाहेर आल्यावर आईनं त्यांच्यापुढं हात जोडले. "दादा, माज्यापायी गेली तुमची किल्ली." तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. त्यांना शब्द कळले नसतील. "ग्रँड," ते म्हणाले. "ग्रँड, ग्रँड." मग घरी जाऊन दार लावून बसले.

मी त्या दिवसांत फार चिडचिड केली. आईवर, सटवाईवर, सरकारवर. शनिवारी बोळातली रिकामी खुंटी दिसली की लेकीला घेऊन मागच्या अंगणात जायचे. शेवटी रेक्टर बाई आल्या. म्हणजे तिथल्या धर्मगुरू, पाच गावांतली पाच चर्चं एकटीनं सांभाळणाऱ्या. शनिवारी दार उघडायला एक माणूस मिळेना म्हणून रडकुंडीला आल्या होत्या. मी त्यांना खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, मनोऱ्याच्या खोलीत तुमच्या जेवणाचा वास येत होता. हा माणूस मीठ नि बटाट्याशिवाय काही खात नाही, हे का मला माहीत नाही?" मग अधिकारी बाईंकडून परत आलेली किल्ली टेबलावर ठेवली. "माझ्या हयातीत त्या दगडापुढं मनापासून प्रार्थना केलेलं तुमचंच एक घर. आता तूच सांभाळ."

मी किल्ली घेऊन पळत पळत घरमालकांकडे गेले. घ्या म्हटलं. त्यांनी हात मागे घेतला. "मी शब्द दिलाय."

"अहो, पण आता किल्ली माझी आहे ना? मीच देतेय!"

"म्हणूनच दार तू उघडायचंस."

झालं! तेव्हापासून शनिवारी मी पुढं, कडेवर लेक, आणि मागून चर्चचा इतिहास सांगणारा म्हातारा. मी दार उघडलं की ते पाहुण्यासारखे पाय पुसून आत येत आणि मी चार वाक्यं बोलले की पाचव्याला खोकत. खोकले की समजायचं, चुकलं. खांब, कमानी, थडगी, चुना, सगळं मी त्या खोकल्यांतून शिकले. माझ्या लेकीला मराठी समजतं पण बोलते ती अस्सल आयरिश हेल काढून, आणि तिची पहिली आख्खी वाक्यं त्या सरदाराच्या कुत्र्याबद्दलची आहेत. आता घरमालक नाहीत. त्यांच्यामुळे मला परक्या देशात एक घर मिळालं, नुसतं भाड्याचं नव्हे. हे त्यांना तोंडावर सांगितलं असतं तर त्यांनी हवापाण्याचा विषय काढला असता.

पण एक गोष्ट सांगायची राहिली. तिसऱ्या वर्षी लेकीच्या जावळासाठी आम्ही महिनाभर लातूरला गेलो होतो. निघताना मी त्यांना म्हटलं, "किल्ली खुंटीवर ठेवलीय. कोण बघायला येतंय? उघडत जा." त्यांनी मान हलवली. मला वाटलं, हो म्हणाले.

परतलो तो शनिवार होता. बॅगा गाडीतून उतरवतोय, तर किराणा दुकानदार म्हणाला, "आलात एकदाचे. म्हाताऱ्याला घरी न्या, छातीत कफ भरलाय." मी रस्त्यापलीकडे बघितलं. पोर्चमध्ये बंद दारासमोर ते उभे होते. समोर रेनकोट घातलेलं एक जोडपं. हे दाराकडे तोंड करून त्यांना सांगत होते, आत गेल्यावर डावीकडे काय दिसेल, उजवीकडे काय, वेदी कुठून कलते. सरदार, डॉक्टर, जमीनदारीण, शीला, सगळं बंद दारातून. प्रत्येक शनिवारी असंच चाललं होतं म्हणे.

मी तावातावानं गेले. मला खरंच राग आला होता, रडू येण्याआधी येतो तसला. "किल्ली खुंटीवरच होती ना?"

"होती."

"मग?"

"घर माझं आहे. खुंटी माझी आहे," ते म्हणाले. "किल्ली तुझी आहे."

मी तशीच परत धावले, किल्ली आणली, दार ढकललं. महिनाभर कोंडलेली गार हवा अंगावर आली. जोडपं आत गेलं. लेक माझ्या हातातून सुटून आत पळाली. ते तिथंच उंबऱ्याबाहेर उभे, टोपी काढून.

"या ना आत," मी म्हटलं.

तेव्हा कुठे ते आत आले.